कौल

सारसोळ्यात गावदेवीच्या देवळावर आता कौलं नाहीत.
स्लॅब आहे, वर पाण्याची टाकी,
मागे एकवीस मजली इमारत, जिच्या सावलीत
देवी दुपारी तीनलाच अंधारते.
मी गुरव. बापाकडून दोन गोष्टी मिळाल्या:
दानपेटीची किल्ली,
आणि बोटावर किती पाणी घ्यायचं याचा अंदाज.

कारण पाकळी पाण्यानं चिकटते.
पाणी कमी, तर लवकर पडते.
उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही,
मधला सगळा वेळ देवीचा.
असं मी लोकांना सांगतो.

हसुराम आला तेव्हा साडेपाच वाजले होते.
साडेबारा टक्क्यांतला शेवटचा तुकडा विकलेला,
त्यातले अकरा लाख पिशवीत.
पिशवीवर साड्यांच्या दुकानाचं नाव,
पोरीच्या बस्त्याची असावी.
साडेसातची मॅच.
"इचार आयेला, येकदाच. लावू का नको?
ती नाय बोलली त नाय."

देवीला मॅचमधलं काय कळतं, असं मी म्हणालो नाही.
लोक तिला बोअरचं पाणी विचारतात,
हरवलेली नथ, डॉक्टर बदलू का,
सून नांदेल का.
सगळं तिच्यापुढे ठेवायचं, हात जोडायचे
आणि काय पडतंय ते बघत बसायचं.
यात आणि त्यात फरक काय
हे बापानं शिकवलं नाही. मीही विचारलं नाही.

बाहेर पारावर पोरं.
भावेशनं वही उघडलेली:
उजवीला दीडपट, डावीला दुप्पट.
मॅचवर नाही, कौलावर.
मी तेल आणायला बाहेर पडलो आणि तेल आणलंही,
येताना पाचशेची नोट त्याच्या वहीत गेली.
डावी, म्हणालो.
आवाज माझाच होता.

मग जास्वंदीच्या दोन पाकळ्या निवडल्या.
उजव्या खांद्याला पाणी भरपूर.
डाव्याला नुसतं बोट पुसल्यासारखं.
हसुरामचं घर वाचावं म्हणून.
हे खरं आहे.
त्याच्या बायकोच्या गळ्यात मागच्या मंगळवारी
मी नुसता काळा दोरा पाहिलाय,
ओटी भरताना ती पदर सारखा वर ओढत होती.
पाचशे रुपयेही खरे.
पुण्याचा आणि पैशाचा आकडा एकच लागला,
त्याला मी काय करू?

पंखा बंद केला. डास आले.
हसुराम डोळे मिटून पुटपुटत होता,
मी तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होतो.
तोंडाकडे नाही.

सात वाजून अकरा मिनिटांनी डावी पडली.
पारावर कुणीतरी शिट्टी मारली.
हसुराम पायरीवर बसून रडला, मग हसला,
एक्कावन्न रुपये ठेवले, माझ्या पायाला हात लावला,
पिशवी काखेत मारून घरी गेला.
मी पाय मागे घेतला नाही.

साडेअकराला इमारतीत फटाके वाजले.
त्याचाच संघ जिंकला होता.
अकराचे बावीस झाले असते.
त्याच्या खिडकीतला दिवा मला देवळातून दिसतो,
त्या रात्री तो विझला नाही.

भावेशनं हजार आणून दिले, गुरवकाका म्हणाला, डोळा मारला.
मी ते पेटीत टाकले.
पेटीची किल्ली माझ्याच कमरेला.

दार ओढून घेतलं आणि आणखी दोन पाकळ्या लावल्या.
दोन्हीकडे पाणी सारखं, तीर्थाच्या पळीनं मोजून.
काही विचारलं नाही.
विचारायला तोंड हवं.
भिंतीला टेकून बसलो,
खाडीकडून चिखलाचा वास येत होता,
भरती असावी.

पहाटे जाग आली तेव्हा दोन्ही खाली पडलेल्या,
कडांना सुकलेल्या.
आधी कोणती, ते बघायला तिथं
तिच्याशिवाय कुणी जागं नव्हतं.