नमुना क्रमांक सात

करजणकडचे जशभाई थम्स-अपच्या बाटलीत
बोअरचं पाणी घेऊन आले.
"बेन, वास जुओ." हुंगलं.
थम्स-अपचाच आला.
कोरी बाटली देऊन परत पाठवलं.

दीर मकरपुऱ्याला, रिगवर.
म्हणतात, तीन किलोमीटर खाली दगडाला तडा,
तड्यात वाळू, तो मिटू नये म्हणून.
"तुमचं पाणी दोनशे फुटांवर.
मध्ये केवढा दगड आहे, बघा वहिनी."
बघितला. आहे खरा.
"आणि पाइपाभोवतीचं सिमेंट?"
"तेही आहे."
"फुटलं तर?"
त्यांनी वरण वाढून घेतलं.

वरण पाइपच्या गॅसवर शिजलेलं.
सिलिंडरची वाट बघणं मी कधीच विसरले;
हे अहवालात लिहायला रकाना नाही.

क्लोराइड जास्त निघालं.
विहिरीमुळे? खाडीमुळे? खतामुळे?
आधी किती होतं?
तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं.

"पिवाय, बेन?"
"उकळून..." म्हणाले, आणि थांबले.
मीठ उकळून जात नाही,
हे मी कॉलेजच्या पोरांना शिकवते.

"जशभाई, रिग अजून पोचली नाही
असं जवळ एखादं गाव?"
"छे ने. सासरुं मारुं."
मग त्यांच्या पिशवीत
सहा कोऱ्या बाटल्या टाकल्या.
प्रत्येकीवर आजची तारीख नाही घातली.
म्हटलं, भराल त्या दिवशीची
तुम्हीच घाला, शाईनं.