पावणेतीन तास

लेप्पासल्मीत कोण कधी आंघोळ करतं
ते मला ठाऊक आहे.
नावानिशी नाही, लिटरनिशी.

चोवीस डिसेंबरला दुपारी तीनलाच अंधारतं
आणि सगळं गाव एकदम सॉनात शिरतं.
चारला मीटरचा काटा हलतो, पाचला उभाच राहतो,
सातला असा निवांत होतो
की पंपाला स्वतःचाच आवाज ऐकू यावा.
दुसऱ्या दिवशी डुकराच्या मांडीची चरबी येते,
पांढरी, थिजलेली, मुठीएवढाली ढेकळं.
ती मी फावड्याने काढते
आणि मनातल्या मनात गावाला नाताळच्या शुभेच्छा देते.

जाळीवर एकदा कवळी सापडली. वरची.
उर्हो कोळी आला, टोपी हातात घेऊन.
तीन दिवस सूपच पितोय म्हणाला.
मी ती उकळून दिली, त्याने तिथेच बसवली,
दोनदा दात वाजवून पाहिले,
आणि तळ्याकडे बघत म्हणाला,
"तुझ्याकडनं जे पुढे जातं, त्यात पोहतं ते मी विकतो.
म्हणजे आपण एकाच धंद्यातले."

कामाचं म्हणाल तर फार काही नसतं.
हवा सोडायची, हिराकस घालायचं, थांबायचं.
राबतात ते दुसरेच:
सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डोलणाऱ्या घंटा,
थेंबभर गावकरी,
तोंडाभोवती इवलासा भोवरा करून
आम्ही टाकलेलं सगळं ओढून घेणारे.
थंडीत त्यांचीही भूक मंदावते.
पाणी सात अंशांवर उतरलं की मी त्यांच्याशी बोलते.
यालो, माझा मदतनीस, हसतो.
बावीस वर्षांचा आहे. हसू दे.

त्यांना सगळंच पचतं असं नाही.
झोपेच्या गोळ्या तशाच पुढे जातात,
उदासीच्याही, नोव्हेंबरात जास्त.
प्रयोगशाळेचा कागद येतो, मी सही करते.
गावात कुणी कुणाला काही बोलत नाही.
माशांना सगळं माहीत.

जानेवारीत वेयो गेला.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी त्याचे पाचही शर्ट धुतले, देऊन टाकायला.
कॉलरी हाताने घासल्या.
मोरीतून पाणी गेलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं.
आमचं घर टेकडीपलीकडे, गावाच्या पार टोकाला.
तिथून टाकीपर्यंत पावणेतीन तास.
नोकरीच्या पहिल्या वर्षी
हिरवा रंग सोडून मीच मोजलेले.

दोनला माझी पाळी सुरू झाली.
तीनला पाच कमी असताना कठड्यापाशी जाऊन उभी राहिले.
मीटरला काही कळलं नाही.
तपकिरी पाणी तपकिरी पाण्यात,
कुणाचं बटाटे उकडल्याचं, कुणाचं मूत,
कुणाच्या बाळाच्या अंगाचा साबण,
आणि त्यातच कुठेतरी त्याची मान.
"कॉफी हवी?" यालोने विचारलं.
नको म्हटलं.
मग म्हटलं, आण.

टाकीत अठरा तास, निवळायला सहा,
मग बर्फाखालच्या पाइपातून बाहेर.
बुधवारी त्या वेळी मी घरी होते.
खिडकीतून तळं दिसत होतं, पांढरं,
त्यावर कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा.

पुढच्या वर्षापासून आमचं पाणी
चाळीस किलोमीटरवरच्या शहराला जाणार आहे.
तिथे टाक्या मोठ्या आहेत, माणूस लागत नाही.
सभेत सगळ्यांनी हात वर केले, मीही केला,
आकडे बरोबर होते.
उर्हो तेवढा मागून ओरडला,
"मग कवळी कोण शोधणार?"

मे महिन्यात बर्फ फुटला.
त्याच्याकडून अर्धा किलो बोटभर मासे घेतले,
राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळले.
चांगले होते. काट्यासकट खाल्ले.

तवा धुण्याआधी कागदाने नीट पुसून घेतला.
तेवढं तरी करावं माणसानं.