तिसरा जिना

जनकगंजच्या पुढे, स्वर्णरेखेवर
एक पुलिया आहे, तिला तीन जिने.
एक आमच्या बाजूला उतरतो,
एक तेल्यांच्या बाजूला,
आणि तिसरा, सतरा पायऱ्यांचा, चांगल्या घडीव दगडाचा,
सरळ नाल्यात.

पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बावीस वर्षं काढली.
तिथे एक फाइल आहे, कसरीनं अर्धी खाल्लेली.
लेखापरीक्षकाचा आक्षेप, तांबड्या शाईत:
‘तिसरा जिना कोठे जातो?’
खाली मुकादम हैबतराव सुर्वे यांचा खुलासा,
एका शब्दाचा:
‘पाण्यात.’
आणि पगारातून कापलेले एकशे चाळीस रुपये.

हैबतराव आमच्या समोर राहत.
चव्वेचाळीस साली पलटणीबरोबर इटलीत गेले
आणि येताना ओढता पाय
आणि एका गावाची हकीकत घेऊन आले.
नाव दर वेळी निराळं सांगत,
गाव मात्र तेच.
‘गाव कसलं, चिखलावर वाळत घातलेली तेरा धोतरं.
मधे पाणी. शेजारी विरजण मागायला जायचं
तर होडी सोडा.

मीठ पिकवायचे.
जवळच्या मोठ्या शहराचा धंदाही मिठाचाच.
यांचं स्वस्त.
म्हणून त्या शहरानं येऊन गाव जाळलं. दोनदा.
आता सांग, पाण्यातलं गाव जाळायला
काय लागत असेल?’
मी आठवीत होते. म्हटलं, रॉकेल.
ते खूप हसले.
मग एकदम थांबले.

मीठ गेलं, वाम राहिली.
तीही गावाची नाही, सरकारची.
थंडीच्या तोंडावर, काळोखात, वारा सुटला
की वाम समुद्राकडे निघते;
त्या रात्री अख्खं गाव चोर.
पहारेकरी दिसले की पाद्री घंटेचे ठोके चुकवायचा.
‘सकाळी सगळे त्याच्यापुढे कबुली द्यायला रांगेत.
तो विचारायचा, किती शेर?’

तिथली माणसं बोलताना पाण्याकडे बघत.
तोंडाकडे बघून बोलला
तर समजावं, खोटं बोलतोय.
हैबतरावही तसेच बोलायचे,
भिंतीवरच्या पालीकडे बघत.
म्हणून पुलाचं सांगताना
ते माझ्याकडे वळले तेव्हा मी गोंधळले.
‘पाच जिने होते. चारांवर गोळी चालू.
पाचव्याखाली एक बाई होडी धरून उभी होती,
वाम भरायच्या टोपलीत मला टाकलं तिनं.
दोन महिने अंगाचा वास गेला नाही.
आता जा, अभ्यास कर.’

पुढे कधीतरी पालिकेला हौस आली.
नाल्यात वरून पाणी सोडलं,
बदकाच्या आकाराच्या दोन होड्या, बँड, फीत.
हैबतराव ऐंशीच्या पुढचे.
छत्री घेऊन तिसरा जिना उतरले,
अकराव्या पायरीवर चपला काढून बसले.
होडी आली तेव्हा त्यांनी हात केला,
टेम्पोला करतात तसा.
पोरगा ओरडला, ‘बाबा, टिकट उधर से!’
बदक पुढे गेलं.
पाचव्या दिवशी पाणीही.

आता तिथे एक कुशवाह बाई मुगाच्या वड्या वाळवते.
दुपारी कुत्री, रात्री पत्ते.
दहाव्या दिवशी छोटे गणपती तिथूनच उतरतात,
बादलीत.

मागच्या आठवड्यात नवा इंजिनियर आला.
नाला झाकायचाय, वरून रस्ता काढायचाय.
मला म्हणाला, मॅडम, जुना कागद बघून
एक टीप लिहून द्या,
हा जिना नेमका जातो कुठे?
मी फाइल काढली, झटकली.
एकशे चाळीस रुपयांचे
आजच्या दरानं किती होतील
याचा बोटांवर हिशेब केला
आणि लिहिलं.