नव्या आवृत्तीसाठी, डिचोलीहून

सुलक्षा, मसुदा वाचला. दोनशे बारा पानं.
चित्रं सुरेख. ड्रॅगनच्या अंगावर उजेड पडलाय
तो थेट ताज्या चोणकाच्या खवल्यांवर पडतो तसा.
पण मशाली कुठे गेल्या?

आमची मशाल सहा फेऱ्या जळायची.
एक फेरी म्हणजे दहा मिनिटं.
ब्राझ वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढायचा
आणि पाचव्या रेघेला
सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे.
तुझ्या पुस्तकात प्रत्येकाला अंधारात दिसतं.
मग अंधार ठेवलास कशाला?

तुझ्या आजोबांच्या टायरच्या दुकानावरची ती माडी
तुला आठवत नसेल. खालून खनिजाचे ट्रक जायचे,
टेबल थरथरायचं,
पडलेला चार उलटून सहा व्हायचा.
भांडणं. एकदा तर ब्राझने चहाच ओतला नकाशावर.
शेवटी पुठ्ठ्यावर मी लिहून लावलं:
ट्रकने उलटवलेला फासा ग्राह्य.

ओझ्याचा नियम परत घे.
हिशेब कंटाळवाणा, असं लोक म्हणतात. असेल.
पण चारशे नाणी उचलायची
की दिवसाला एका चांदीच्या नाण्यावर आलेला,
पाय मोडलेला हमाल शाबलो,
हे विचारणारा दुसरा नियम मला माहीत नाही.
(आम्ही नाणी उचलली. पंचवीस वर्षं झाली.
कागदावरचा माणूस, तरी नाव लक्षात आहे.)

दार उघडलं की आधी दोन फासे,
समोरच्याचं मन काय म्हणतंय त्यासाठी.
तुझ्याकडे दार उघडताच तलवारीचा क्रम.
आम्हाला एकदा बारा पडले
आणि राक्षसिणीने पेज वाढली, वर मिस्कूट.
तुझ्या बाबांनी तिच्याशी तासभर
भाताच्या दरावर गप्पा मारल्या.
त्या रात्री कुणी मेलं नाही, कुणी काही जिंकलं नाही,
आणि आम्ही उतरलो तेव्हा रस्त्यावर दूधवाला आला होता.

नकाशाही एकानेच काढायचा. नुसतं ऐकून.
मी सांगायचो, ‘उत्तरेला तीस पावलं, मग डावीकडे ओल.’
ब्राझ ओल काढायचा.
ओल कशी काढतात, त्यालाच ठाऊक.

आता मनोबल.
बाकीचं सोड हवं तर, हे सोडू नकोस.
पहिला पडला की दोन फासे, अर्धे पडले की पुन्हा दोन.
आकड्याच्या वर गेलं की उरलेले पळतात.
तुझी भुतं शेवटच्या थेंबापर्यंत लढतात, सुलक्षा.
एवढी छाती कुणाची असते?

ब्राझने मडगावहून फोन केला. पासपोर्ट झाला म्हणाला,
स्विंडनला मावसभाऊ आहे, गोदामात काम आहे.
आम्ही खाणीच्या तिसऱ्या थरावर होतो,
नकाशा त्याच्याकडे.
मी म्हणालो, ‘भेकड मरे तूं.’
तो काहीच बोलला नाही. मग पैसे संपले, किंवा त्याने ठेवला.

आणि खाणी बंद पडल्या त्या वर्षी
तुझे बाबा, तीन ट्रक हप्त्यावर,
पळाले नाहीत.
आम्ही त्याला धैर्य म्हटलं, जेवायला बोलावलं.
त्यांचा फासा कुणीच टाकला नाही.

जुन्या पुस्तकात त्या नियमाखाली
बारीक अक्षरात एक ओळ होती:
खेळाडूंना हे लागू नाही.
नियम परत आण.
ती ओळ तेवढी आणू नकोस.

ता. क. चाळिसाव्या पानावर भाडोत्र्यांचा पगार चुकलाय,
चांदीच्या जागी सोनं छापलंय. शाबलो हसेल.
ट्रक आता क्वचित जातात.
तरी पुठ्ठ्यावरचं ते वाक्य घे कुठेतरी, शेवटी, लहान टाइपात.