इतर

डावा हात कोपरापासून गेला
मार्केट यार्डातल्या हळदीच्या ड्रममध्ये,
फाल्गुनात, दुपारच्या चहाच्या जरा आधी.
पट्टा ओढतो तेव्हा आवाज होत नाही.
आवाज झाला तो माझा, नंतर.
त्या खेपेची हळद तशीच पॉलिश होऊन
गुजरातला गेली म्हणतात.

सिव्हिलमध्ये टक्के लिहून मिळाले: पासष्ट.
जैतुन म्हणाली, दहावीला मला
एवढे पडले नव्हते.

त्या टक्क्यांवर निराधारचा पगार सुरू झाला.
सांगलीत त्याला पगारच म्हणतात.
सव्वीस वर्षं पोती वाहिली,
कुठल्या हजेरीपटावर नाव नव्हतं,
आणि हात गेल्यावर
महिन्याच्या महिन्याला पगार.
कधी दोन महिन्यांचा एकदम, कधी नाहीच,
तरी मेडिकलवाला वही उघडी ठेवायचा.

कोर्ट सहा वर्षं चाललं.
वय, रोजंदारी, टक्के,
आणि एका तक्त्यातला आकडा, सगळ्यांचा गुणाकार:
चार लाख ऐंशी हजार.
खोत वकील म्हणाले, मुलाणी, जिंकलात.
मी उजव्या हाताने डावी बाही चाचपली.

तीन लाख बँकेत, ठेव पावती,
पाच वर्षं मोडायची नाही, साहेबांचा हुकूम.
उरलेले माझ्याकडे अकरा दिवस होते.
वकिलांचे, मेव्हण्याचे,
मिरजेच्या दवाखान्याचे जुने,
आणि सोनाराकडून जैतुनच्या दोन बांगड्या.
दोनच. चार ठेवल्या होत्या.

माझे वडील हरिपुरात पेवं उघडायचे.
सांगायचे, तोंड उघडलं म्हणून
लगेच उतरायचं नाही बाबा.
आधी दोरीने कंदील सोडायचा.
विझला, तर वर बसून राहायचं,
खाली कितीही सोनं दिसू दे.
पावती घेऊन बँकेच्या पायरीवर बसलो
तेव्हा ते आठवलं. पण तेव्हा
माझ्याकडे कंदील कुठला?

वैशाखात तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले.
पंखा त्यांच्याकडे वळवला.
उत्पन्नाचा दाखला नवा करायचा होता.
रकाने चार: शेती, नोकरी, व्यवसाय, इतर.
कोर्टाचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

म्हटलं, भाऊसाहेब, हे उत्पन्न नव्हे,
हात आहे.
ते खरंच थांबले. माणूस वाईट नाही.
म्हणाले, हाताला रकाना नाही हो मुलाणी.
मग पेन झटकलं, आणि लिहिलं
इतर,
आणि पुढे सगळा आकडा,
जैतुनच्या बांगड्यांसकट.

त्या वर्षी आमच्या गल्लीत
माझ्याएवढा श्रीमंत कुणी नव्हता.
पगार बंद झाला.
भाद्रपदात नोटीस आली:
पात्र नसताना उचललेले सात महिने
परत भरावेत.
मेडिकलवाल्याने वही मिटली नाही,
फक्त काउंटरखाली ठेवली.

व्याज येतं तीन महिन्यांनी.
ते आलं की मोजतो, आणि वाटतं
हे बोट, हे मनगट,
ही कोपराखालची ती जागा
जिथे थंडीत अजून खाजतं
आणि खाजवायला काही नसतं.

परवा सेतूत पुन्हा गेलो.
नवा अर्ज, नवं वर्ष.
या वर्षीचं उत्पन्न व्याजापुरतंच,
बसेल कदाचित मर्यादेत, असं
तिथल्या पोरीनेच हिशेब करून सांगितलं.
चुणचुणीत पोरगी, कानात हेडफोन.
स्क्रीनवरून नजर न हलवता
तिने मशीन पुढे सरकवलं.
काका, डावा अंगठा ठेवा.

मी काही बोललो नाही.
मागे रांग होती.
तिने वर बघितलं, मग खाली,
मग मशीन स्वतःच्या ओढणीने
उगीचच पुसलं,
आणि उजवीकडे ठेवलं.

उजव्याच्या रेषा हळदीने कधीच्या खाल्ल्यात.
तीनदा ठेवला.
तीनदा लाल दिवा.
परत ठेवा, काका, ती म्हणाली,
जरा दाबून.