बारावी तबकडी

लॅमिंग्टन रोडवरून मुर्तझाचा फोन :
आला, साहेब, तुमचा डबा आला.
डबा म्हणजे संच. जड. वर सोनेरी अक्षरं,
आत बारा सिनेमे, त्यातले अकरा
माझ्या कपाटात आधीपासून आहेत.
काही दोनदा. एक तर तीनदा :
साधा, मग 'विशेष', मग 'अतिविशेष',
ज्यात विशेष एवढंच की पुठ्ठा जाड होता.

बारावा सुटा देत नाहीत.
मुर्तझा म्हणाला, फणीतलं एक केळं मिळेल साहेब,
हे नाही मिळणार.
चार हजार नऊशे नव्याण्णव.
उरलेला रुपया त्याने सवयीने परत केला,
मी सवयीने घेतला.

घरी, माहीमला, कात्रीने प्लॅस्टिक फाडलं.
तबकड्या चळतीत, एकीवर एक, पत्रावळींसारख्या.
नववी हवी तर आधी आठ उचला.
त्यांना धरणारी मधली दातेरी चकती पहिल्याच रात्री मोडली,
तिचे दोन दात डब्यात अजून खुळखुळतात.
पाचवीवर नाव पाचव्याचं, आत सहावा.
सहावीतही सहावा.
पुस्तिकेत संगीतकाराचं नाव बरोबर, फोटो भलत्याचा.
मध्यंतर काढून टाकलेलं,
म्हणजे माणसाने उठायचं कधी?
आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का.
नायिका मरते तेव्हासुद्धा तिच्या कपाळालगत
इमानी, जागचा हलत नाही.

पत्रं लिहिली. तीन.
'महोदय, चौकोनी चित्र ताणून रुंद केल्यामुळे
सगळी माणसं बुटकी आणि खाऊनपिऊन सुखी दिसतात,
दुष्काळाच्या प्रसंगातसुद्धा.'
उत्तर आलं : आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.
सोबत पुढच्या संचाचं पत्रक.

सुलभा म्हणते, बघून झालेले सिनेमे,
त्यांच्यासाठी किती तो जीव काढायचा.
पण बारावीबद्दल ती काही बोलत नाही.

बारावा थोर वगैरे नाही. पडलेला सिनेमा.
परळला दोन आठवडे, मग तिथूनही उतरला.
पण त्याच्या चौथ्या रिळात एक भिंत आहे.
नायक जिना उतरतो, भिंतीवर उजेड,
आणि डाव्या अंगाला, अर्ध्या श्वासापुरती,
एक सावली येते. कोपर, मनगट.
दचकून मागे जाते.

ते आमचे दाजी. माझे वडील.
अंधेरीच्या एका स्टुडिओत बावीस वर्षं दिवे धरले,
नाव कुठल्याच पाटीवर नाही.
त्या सावलीपायी एका दिवसाचा पगार कापला गेला होता.
हसून सांगायचे,
एवढ्या सिनेमांत एकदाच दिसलो रे,
तेही चुकून.
माझ्याकडे जुनी टेप आहे, पण तिच्यावर बुरशी,
आणि ती चालवणारं यंत्र आता कुणाकडेच नाही.

शनिवारी रात्री पंखा बंद केला, आवाज नको म्हणून,
आणि बारावी लावली.
चित्र इतकं स्वच्छ की संकोच वाटावा.
नायकाच्या कोटाचे टाके मोजता येत होते.
जिना आला. भिंत आली.
नायक उतरून निघून गेला.

मागे नेलं. पुन्हा. मग एकेक चौकट सरकवत.
उजेड आहे, भिंतीचे पोपडेसुद्धा आहेत.
कुणीतरी फार मेहनतीने, बहुतेक एसीत बसून,
जेवणाची सुट्टी पुढे ढकलून वगैरे,
दाजींना पुसून काढलं होतं.
पुठ्ठ्यावर तसं छापलंयच :
सर्व दोष दूर केलेली आवृत्ती.

सोमवारी डबा घेऊन दुकानात गेलो.
मुर्तझाने परतीचा कागद पुढे सरकवला.
त्यात रकाना : दोष.
मी लिहिलं, गहाळ आहे.
त्याने दोनदा वाचलं, चष्मा काढला,
म्हणाला, हे कंपनी नाही मानणार, साहेब.
तो मोडका दात लिहा.

लिहिला.