एक दिवसाआड

पाणी पहाटे पावणेपाचला येतं, एक दिवसाआड.
नळ आधी खोकतो, मग गढूळ थुंकतो,
मग पस्तीस मिनिटं सरळ बोलतो.
तेवढ्यात टाकी, पिंप, दोन कळशा,
आणि उरलंच तर मागे.

मागे म्हणजे बारा बाय नऊ फूट,
पाथर्डी फाट्याच्या रो-हाउसमागे
बिल्डरनं ‘गार्डन’ म्हणून विकलेला मुरूम.
पहिल्या वर्षी पहार वाकली.
नंतर पांजरपोळातलं शेणखत, स्कूटरवर पायांशी पोतं,
असे सात उन्हाळे.

दिवसा मी सातपूरला गेज लावते.
ट्रे भरून बुश येतात. बसला तो पास,
अडला त्याला लाल टॅग.
शून्य पॉइंट शून्य दोन, तेवढंच माफ.
संध्याकाळी घरी येऊन बघावं
तर दोडका डावीकडे वळलेला,
गिलकं कंबरेत चेपलेलं,
आणि भेंडी जून, कारण काल तिला बघितलंच नाही.
इथं टॅग लावायचाच झाला तर मला.

चाळिसाच्या पुढे पारा गेला की
मिरचीची फुलं देठापासून गळतात.
तक्रार नाही, आवाज नाही,
निवडता निवडता कुणी तांदूळ सांडावेत तशी.
वांग्यावर लाल कोळी चढला.
ताक चार दिवस आंबवलं, गाळलं, फवारलं.
भिंतीपलीकडून लभडेबाई:
‘कढी नासली का हो?’

डांगराचं मादी फूल उजाडायच्या आत उमलतं.
आठनंतर त्याला कशातच रस उरत नाही.
मधमाश्या यंदा फिरकल्याच नाहीत, म्हणून
पोराच्या रंगपेटीतला दोन नंबरचा ब्रश घेतला
आणि युनिफॉर्ममध्ये, एक कान कंपनीच्या बसकडे ठेवून,
या फुलातली पिवळी धूळ त्या फुलात.
थोडी लाजच वाटली.
कुणी बघत नव्हतं, तरी.

कुंभाराकडे आठ मडकी मागितली, पाझरणारी.
‘पाझरतात ती मी बाजूला टाकतो.’
‘तीच द्या.’
तो हसला नाही. पैसे मात्र निम्मे घेतले.
गळ्यापर्यंत पुरली, वर फरशीचे तुकडे ठेवले.
रात्री मातीला कान लावून पाहिला.
पाझर ऐकू येत नाही.
ऐकू आली ती महामार्गावरची ट्रकची रांग.

मे महिन्यात दोन दिवसांआड झालं.
मी वहीत हिशेब मांडला, कंपनीत मांडतात तसा,
आणि टोमॅटोच्या नऊ रोपांवर काट मारली.
पाणी घालताना त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे.
तिसऱ्या दिवशी पानं वळली,
पाचव्या दिवशी वास सुटला, तो ओळखीचा
हिरवा, तिखट वास, जो हाताला लागतो
आणि जेवतानाही जात नाही.
उपटली. मुळं माझ्या अंदाजापेक्षा
वीतभर खोल गेली होती.

आणि काल लभडेबाई भिंतीवरून:
‘हे तुमचंच ना?’
वाळलेलं गिलकं, हातभर लांब, पिसासारखं हलकं.
वेल कधीतरी भिंत ओलांडून गेला होता,
त्यांच्या कूलरच्या मागे,
जिथं टाकी थेंब थेंब गळते
आणि त्या रोज मुलाला दुरुस्तीसाठी बोलतात.
तिथं बसून तो गुपचूप प्यायला, सबंध उन्हाळा.
हलवलं तर आत खुळखुळ.
टोक मोडून दोघींनी ओट्यावर बिया ओतल्या,
काळ्या, चपट्या, एकावन्न.
जाळी त्यांनी ठेवली, भांड्यांना.
कूलर आता पावसाळ्यानंतरच बघू, म्हणाल्या.

आज पाण्याचा दिवस नाही.
तरी पावणेपाचला जाग आली.
नळाखाली हात धरून पाहिला,
मग अंधारातच एकेका मडक्यावरची फरशी सरकवून
बोट बुडवत गेले.
सात कोरडी.
आठव्यात, दोन पेरं.